वाटाणा: १२ इंची पाभर, ९ इंची, की सरळ गादीवाफ्यावर टोकण?

दिवेघाटाच्या_वर
नमस्कार मंडळी. रान पुरंदरात आहे, हलकं, मुरमाड, थोडं उताराचं. मी पुण्यात नोकरी करतो, रान चुलते, म्हणजे आबा, बघतात. खरिपात वाटाणा ठरलेला. आबांची पद्धतही ठरलेली: वाफसा (पेरण्याजोगी ओल) आला की १२ इंची पाभर (बारा-बारा इंचांवर ओळी पेरणारं औत), चाड्यावर (मुठीनं बी सोडायच्या वाडग्यावर) मूठ सैल, एकरी ४० किलो बी. "पातळ वाटाणा म्हणजे गवताला आवतण" हे त्यांचं म्हणणं.

माझं म्हणणं, बियाण्याचा भाव बघता निम्म्या बियात भागेल. चार-चार फुटांवर गादीवाफे (उंच केलेले वाफे), वाफ्यावर दोन ओळी, दोन झाडांत ५ इंच, टोकण म्हणजे एकेक दाणा टोचून. झाड मोकळं राहिलं की फुटवे येतील, शेंगा भरतील, रोगही कमी. आबा म्हणतात, "मग तुझ्या ल्यापटॉपवरच पेर."

तर ओळीतलं अंतर आणि झाडांची दाटी यानं वाटाण्यात नेमका किती फरक पडतो? ज्यांनी रानात केलंय त्यांनी सांगा. "जमिनीच्या मगदुरानुसार" हे उत्तर कृपया नको, ते दिनदर्शिकेत छापलेलं आहे.

भोचक
जमिनीच्या मगदुरानुसार.

कोथरूडची_गच्ची
माझ्याकडे रान नाही, गच्ची आहे. १२ इंची कुंडीत ४-५ दाणे टोचते, मध्ये वाळक्या फांद्या रोवते. आठ-नऊ लावून बघितले तेव्हा वेलांची नुसती गुंतवळ झाली, वरून हिरवंगार आणि आत पिवळी पानं. त्यामुळे माझं मत धागाकर्त्याच्या बाजूनं. उसळीपुरत्या शेंगा निघतात, आमचं कुटुंब लहान आहे.

तिफण
ताई, कुंडी आणि रान वेगळं. कुंडीत गवत किती येतं? चार काड्या. इथं जून-जुलैत एक पाऊस झाला की हरळी आणि केना तुमच्या आधी उगवतात.

आमचं रान वीर धरणाच्या अंगाला आहे. ९ इंची आणि १२ इंची दोन्ही पेरून झालंय. ९ इंचीत वेल लवकर मिटतो, महिन्याच्या आत जमीन झाकते, पण मधून कोळपं (ओळींमधलं गवत काढायचं औत) जात नाही, खुरप्यावरच भिस्त. १२ इंचीत एक कोळपणी बसते. तीही वेलाच्या ताणांनी एकमेकांचे हात धरायच्या आत. ती एक पाळी साधली की पुढं गवताचं भय नाही. चार फुटांवर दोन ओळी म्हणजे मधला सगळा पट्टा शेवटपर्यंत उघडा. त्यात काय पिकवणार आहात? या मुद्द्यावर आबा बरोबर आहेत.

पण ४० किलो जास्तच. हलक्या रानात श्रावणात उघडीप पडली की दाट वाटाणा आधी माना टाकतो, आणि नेमका फुलात असताना. मुरमात ओल ती किती, तिच्यावर एवढी तोंडं.

हिरवी_शेंग
वाचनखूण साठवली आहे. आमच्याकडे भोर बाजूला भात, त्यामुळे नुसतंच वाचणार.

वाफसा_बघून
आधी आकडे मांडू, मग भांडू. कृषी खात्यात नोकरी झाली आहे, सवय जात नाही.

१२ इंच म्हणजे ३० सेंमी. ओळीत १० सेंमीवर एक झाड धरलं तर चौरस मीटरला ३३ झाडं, एकरी साधारण १ लाख ३३ हजार. लवकर येणाऱ्या सुरकुतल्या दाण्याच्या वाणात १०० दाण्यांचं वजन २० ग्रॅम धरा. वाणागणिक फरक पडतो, तेव्हा पिशवी फोडली की १०० दाणे मोजून स्वतः तोला. म्हणजे एकरी २७ किलो. उगवण ८५ टक्के धरली तर ३१-३२ किलो. पत्रकांत पाभरीसाठी हेक्टरी ५० ते ७५ किलो छापतात, त्यातल्या ७५ शी हे जवळपास जुळतं.

आबांचे ४० किलो म्हणजे त्याच उगवणीत चौरस मीटरला ४२ झाडं, १२ इंची ओळीत दर ८ सेंमीला एक. दाट आहे, पण अगदीच अघोरी नाही.

आता धागाकर्त्याचा वाफा. चार फुटांत दोन ओळी, झाडात ५ इंच: चौरस मीटरला जेमतेम १३-१४ झाडं. बी लागेल एकरी १३ किलोच्या आत-बाहेर. म्हणजे निम्मं नव्हे, आबांच्या तिसऱ्या हिश्शावर आलात. बरोबरी साधायची तर तुमच्या एका झाडानं आबांच्या तीन झाडांच्या शेंगा धरायला हव्यात. अर्केलसारखं बुटकं, लवकर येणारं वाण ते करत नाही. त्याला फुटवे कमी, पहिला तोडा ५५-६० दिवसांत, हातात वेळच नसतो. बोनव्हिलसारखं उंच, तीन महिन्यांच्या आसपास चालणारं वाण मोकळ्या जागेचा जास्त फायदा घेतं. "वाटाण्याचं अंतर किती" याच्या आधी "कोणता वाटाणा" हे विचारायला हवं होतं.

दिवेघाटाच्या_वर
वाण लवकरचंच, बुटकं. सासवडच्या दुकानातून आबा आणतात. तिसरा हिस्सा हे मी मोजलं नव्हतं. पण पातळ पेरलेल्या झाडाला शेंगा जास्त येतात हे तर खरं ना?

वाफसा_बघून
झाडाला जास्त येतात, गुंठ्याला नाही. दाटी वाढवत गेलं की दर झाडामागं शेंगा कमी होत जातात, फुटवे आधी घटतात. शेंगेतले दाणे आणि दाण्याचं वजन त्या मानानं फारसं हलत नाही. म्हणून एकरी उत्पन्न सुरुवातीला झपाट्यानं वाढतं, मग सपाट होतं, आणि अति झालं की खाली येतं. तो सपाट भाग वाटाण्यात बराच लांब असतो, म्हणूनच २५ किलोवाला आणि ४० किलोवाला दोघंही "आमचंच बरोबर" म्हणत पारावर बसू शकतात. १३ किलो मात्र त्या सपाटीच्या अलीकडे, चढावर राहतं.

भोचक
म्हणजे आबा आणि पुतण्या दोघं बरोबर, फक्त पुतण्या कमी बरोबर.

सासवड_ते_सास्काटून
इथं कॅनडात वाळक्या वाटाण्याला चौरस मीटरला ७५ ते ८५ झाडं धरतात. आबांच्या जवळजवळ दुप्पट! मी गावी फोनवर सांगितलं तर वडील म्हणाले, "तिथल्या लोकांना बी फुकट मिळतं काय?"

तिफण
दुप्पट पेरून तोडतात कसे? आत शिरणार कुठून?

सासवड_ते_सास्काटून
तोडतच नाहीत. सगळं एकदम वाळवून कंबाईन फिरवतात. वाणही वेगळी, पानांच्या जागी ताणाच ताणा, पान असं नावालाच बुडाशी. सगळी झाडं एकमेकांना धरून उभी राहतात, दाट असली तरच उभी राहतात. पातळ झाली की आडवी. त्यात इकडे उन्हाळाच आपल्या थंडीसारखा. इथला आकडा तिकडं उचलून नेण्यात अर्थ नाही, मी फक्त गंमत म्हणून सांगितलं.

वाफसा_बघून
गंमत नाही, मुद्द्याची गोष्ट आहे. तिथं एकदाच काढणी, म्हणून सगळ्या झाडांनी एका वेळी तयार व्हायला हवं. दाटीत फुटवे नसतात, त्यामुळे शेंगा एकसारख्या पिकतात. आपण दोन-तीन तोडे घेतो. आपल्याला थोडा मागं-पुढं माल चालतो, उलट सोयीचा पडतो. एकाच दिवशी सगळा माल मार्केट यार्डात ओतला तर आडत्या काय भाव देतो ते सगळ्यांना माहीत आहे.

खुरपं_आणि_मी
सगळे पुरुष मंडळी बियाचे किलो मोजत बसलेत. तोडायला कोण जातं?

मी सांगते. दाट वाटाण्यात पाय ठेवायला जागा नसते. बाई ओळीत शिरली की एक पाय वेलावरच. डाव्या हातानं वेल धरायचा, उजव्यानं देठाशी शेंग मोडायची, नखानं. मोकळ्या रानात हे पटापट होतं. दाट रानात धरलेला वेल शेजारच्या दोन वेलांत गुंतलेला, ओढला की तिन्ही हलतात. वाटाण्याचं मूळ नाजूक, पाऊस पडून माती सैल झालेली, सबंध झाडच हातात येतं. मग बाई ते झाड मागं टाकते, मुकादम बघत नसतो. पहिल्या तोड्याला हे नुकसान दिसत नाही, दुसऱ्या तोड्याला रान पिवळं का झालं म्हणून औषधाच्या दुकानात जातात.

आतल्या शेंगा दिसत पण नाहीत. पुढच्या खेपेला त्या सापडतात तोवर दाणा निबर, शेंग पांढुरकी. अशा चार शेंगा वरच्या थरात दिसल्या की सगळ्या गोणीचा भाव पडतो. आणि तोडणी किलोवर असेल तर दाट रानात बाया यायला नाखूश असतात, कारण दिवसाला माल कमी निघतो. हे कुठल्या पत्रकात असतं का?

वाफसा_बघून
नसतं, ताई. असायला हवं.

तिफण
ताईंना +१. आमच्याकडे म्हणूनच सात-आठ तासांनंतर एक तास मोकळा सोडतो, चालायला. पाभरीचं एक नळकं चिंधीनं बंद करायचं, झालं.

कोथरूडची_गच्ची
"एक तास मोकळा" म्हणजे एक ओळ, साठ मिनिटं नव्हे, हे मला दोनदा वाचून कळलं.

हिरवी_शेंग
रोगाचं कोणी बोललं नाही. दाट असलं की पावसात भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येणार ना?

वाफसा_बघून
पावसात भुरी येत नाही, पाऊस उघडल्यावर येते. दिवसा कोरडं, रात्री गार, पहाटे दव, असं झालं की. जोराचा पाऊस भुरीला उलट धुऊन काढतो. पावसात येतो तो करपा, पानांवर आणि शेंगांवर तपकिरी ठिपके. तळाची पानं दिवसदिवसभर ओली राहिली की तो चढतो. पाणी साचलं तर मूळकूज. दाटीचा संबंध दोन्हीकडे आहेच: आत हवा खेळत नाही, आणि फवारणी वरच्या पानांवरच बसते. गंधक मारून भुरी हटली नाही अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा औषध आतपर्यंत पोचलेलंच नसतं.

तिफण
इथं थोडा फरक सांगतो. आमच्याकडे सप्टेंबरात पातळ रानातही भुरी तितकीच येते. उशिरा पेरलं की भुरी, दाट-पातळ काही बघत नाही. जूनच्या शेवटाला पेरलेला माल भुरीच्या आधी निघून जातो. तेव्हा रोगासाठी अंतर वाढवण्यापेक्षा पेरणी पुढं ढकलू नका.

वाफसा_बघून
पेरणीच्या वेळेचं मान्य. पण करप्याला दाटी बघावीच लागते, त्यावर मी ठाम आहे.

मार्केटयार्डाजवळ
सप्टेंबर म्हटल्यावर आठवलं, त्या दिवसांत पुरंदरचा वाटाणा गुलटेकडीला आला की बाकीच्याला कोणी विचारत नाही. दाणा गोड. थंडीत मग जबलपूरकडचा येतो, ढिगानं आणि स्वस्त, पण ती चव नाही.

कोथरूडची_गच्ची
त्या मालाच्या करंज्या! आलं-मिरचीचं वाटण, ओलं खोबरं, किंचित साखर, आणि दाणे अर्धेच ठेचायचे. थंडीतल्या वाटाण्याच्या करंज्या कोरड्या होतात.

भोचक
मोहनात तेल कडकडीत हवं का कोमट? जमिनीच्या मगदुरानुसार?

मार्केटयार्डाजवळ
रान पुरंदरच्या नियोजित विमानतळाच्या पट्ट्यात नाही ना येत? तसं असेल तर ओळीतलं अंतर धावपट्टीवाले ठरवतील.

दिवेघाटाच्या_वर
नाही येत. आणि त्यावर इथं नको, आमच्या पाहुण्यांची रानं त्यात आहेत.

मार्केटयार्डाजवळ
राहिलं. क्षमस्व.

शाळामास्तर_निवृत्त
वाटाणा आणि उंची असा विषय निघालाच आहे तर मेंडेलची आठवण काढतो. ब्रनोच्या मठात १८५६ ते १८६३ त्यानं वाटाण्यावर प्रयोग केले, १८६६ ला छापले, आणि पुढची तीसेक वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही. उंच आणि बुटका या जोडीवर त्याचं मोठं काम. आज आपण जे बुटकं वाण दाट पेरू शकतो त्यामागं तोच बुटकेपणाचा गुण. मुलांना शिकवताना मी खडूनं फळ्यावर ३:१ लिहायचो, रानातला वाटाणा मात्र एकाही मुलानं मेंडेलशी जोडला नाही. पुरंदरचीच मुलं होती.

भोचक
मेंडेलला तोडणीला बाया मिळत होत्या का?

खुरपं_आणि_मी
मठ होता तो. स्वतःच तोडत असणार, म्हणून तर मोजता आलं.

पाटाचं_पाणी
उशिरा आलो. रब्बीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे नारायणगाव बाजूला ऑक्टोबरच्या शेवटाला पेरतो, पाण्यावर. तेव्हा पाऊस नाही, करपा नाही, थंडी असते, तिथं दाट चालतं. ओल आपल्या हातात. खरीप आणि रब्बीला एकच अंतर लावणारे लोक बघितलेत. दाट पेरलं म्हणून युरियाही वाढवतात, मग नुसता पाला. मुळाला गाठी असतात, त्या हवेतलं नत्र धरायचं आपलं काम करतात. बियाला रायझोबियम (त्या गाठी करणारे जिवाणू) चोळलं आणि गाठ फोडल्यावर आत गुलाबी दिसली की वरून नत्र द्यायची घाई नको.

दिवेघाटाच्या_वर
बरंच कळलं, पण अजून एक अडतंय. गादीवाफा मला सोडायचा नाही. उताराचं रान, मागं एका जोराच्या पावसात खालच्या अंगाला पाणी तुंबून पट्टाच्या पट्टा बसला होता. वाफ्यानं निचरा होईल. मग दाटी कशी राखू?

वाफसा_बघून
वाफा ठेवा. दोन ओळींच्या चार करा. चार फुटांच्या वाफ्याचा माथा अडीच-तीन फूट मिळतो, त्यावर ९ इंचावर चार ओळी आरामात बसतात. झाडात ४ इंच. हिशेब करा: चौरस मीटरला परत ३३. म्हणजे १२ इंची पाभरीइतकीच झाडं, फक्त मांडणी वेगळी. बी ३० किलोच्या आसपास, आबांपेक्षा एकरी ८-१० किलो कमी. वाफे उताराला आडवे, किंचित ढाळ देऊन, म्हणजे माती वाहणार नाही आणि पाणीही साचणार नाही.

खुरपं_आणि_मी
आणि मधली सरी तोडायला मिळाली! एका सरीत उभं राहून दोन ओळी या हाताच्या, दोन त्या हाताच्या. आत शिरायचंच नाही, वेल तुडवायचा नाही. हे मला पटलं. फक्त माथा तीन फुटांच्या वर नेऊ नका, वाकून मधल्या ओळीपर्यंत हात पोचला पाहिजे.

तिफण
गवताचं? ९ इंचात कोळपं नाही.

वाफसा_बघून
नाही, वाफ्यावर एक खुरपणी धरूनच चाला, तिसऱ्या आठवड्यात. नंतर माथा मिटतो. सरीतलं गवत विळ्यानं. मजुरीचा हा खर्च मांडल्याशिवाय बियाची बचत मोजू नका.

पाटाचं_पाणी
आणि एकरभर चार ओळी हातानं टोकायच्या म्हणजे बाया किती लागतील? ढकलायचं टोकणयंत्र भाड्यानं बघा. फक्त दाणा पडतोय का, मागं वळून बघत राहायचं. सुरकुतला दाणा चकतीत अडकतो, तुटाळ (ओळीत मोकळी जागा) पडतं आणि उगवल्यावरच कळतं.

तिफण
खोलीही सांभाळा. दीड इंच, फार तर दोन. यंत्र हलक्या रानात खोल जातं.

दिवेघाटाच्या_वर
आबांना स्पीकरवर सगळं वाचून दाखवलं. तोडणीचं ऐकून म्हणाले, "ती बाई शहाणी आहे, बाकीचे बोलतात." वाफ्याला अजून राजी नाहीत. शेवटी असं ठरलं: वरच्या अंगाला त्यांची १२ इंची, पण ३२ किलोच्या मापानं, मध्ये चालायला तास सोडून. खालच्या तुंबणाऱ्या अंगाला चार ओळींचे वाफे. माझा दोन ओळींचा हट्ट दोन गुंठ्यांपुरता चालवून घेणार आहेत.

वाफसा_बघून
उत्तम. उगवून आठ-दहा दिवस झाले की प्रत्येक पट्ट्यात चार ठिकाणी मीटरभर काठी ओळीला लावून झाडं मोजा. पेरलं किती यापेक्षा उभं किती हे महत्त्वाचं. आणि तोड्याचं वजन पट्ट्यागणिक वेगळं लिहा, सगळं एका गोणीत गेलं तर काही कळणार नाही. पहिला तोडा आणि शेवटचा, दोन्ही.

खुरपं_आणि_मी
कोणत्या पट्ट्यात बाई दिवसाला किती किलो तोडते तेही लिहा.

भोचक
आणि करंज्या कोणत्या पट्ट्याच्या चांगल्या झाल्या तेही.

दिवेघाटाच्या_वर
लिहीन. तिफणराव, चालायचा तास सोडायला नळकं बंद केलं तर त्या फणातलं बी चाड्यात साचून शेजारच्या नळक्यांत जास्त पडत नाही का?

तिफण
पडतं. पेरणारा मुरलेला असला तर तेवढी मूठ आवळतो. आबांना सांगायची गरज नाही, पण तुम्ही चाड्यावर बसणार असाल तर आधी मातीशिवाय, पोत्यावर पाभर धरून बी पाडून बघा.